पात्र, अपात्र आणि कॅमेरा

बाहेरून येणाऱ्या शूटिंग टीमला काय हवंय ते बहुतेक वेळा फोनवरच कळतं. भेगा पडलेली जमीन मिळेल का. नवरा गेलेली बाई बोलेल का. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे का, लेकरं लहान आहेत का, आणि जमलं तर ते झाड किंवा ती विहीर. बचत गटांच्या कामामुळे हिंगोली जिल्ह्यातली गावं माझ्या पायाखालची आहेत. त्यामुळे अशा टीमना घरापर्यंत नेणं, घरच्यांशी आधी बोलून घेणं, मुलाखत चालू असताना बाईच्या शेजारी बसणं आणि नंतर सगळं बोलणं ऐकून लिहून काढणं हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. मुलाखत चालू असते तेव्हा आपण चेहऱ्याकडे बघत असतो. लिहून काढताना कानात फक्त आवाज असतो, आणि तेव्हा लक्षात येतं की वेगवेगळ्या गावांतल्या बायका जवळपास एकच वाक्य बोलतायत.

बँकेचं कर्ज होतं, सोयाबीन गेलं, वसुलीचा तगादा होता, टेन्शनमधी केलं.

यातला एकही शब्द खोटा नसतो. पण हे वाक्य घडतं अर्जासाठी. शेतकरी आत्महत्येच्या घराला सरकारची एक लाखाची मदत आहे; २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती मिळायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. नापिकी हवी, बँकेचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं थकलेलं कर्ज हवं, परतफेडीचा तगादा हवा. कर्ज पाहुण्यारावळ्यांकडून घेतलेलं असेल, सातबारा अजून सासऱ्याच्याच नावावर असेल, जबाबात दारूचा उल्लेख आला, भांडणाचा आला, ‘डोक्यावर परिणाम झाला होता’ असं भावकीतलं कोणी बोलून गेलं, तर फाईल अडायची भीती. म्हणून पंचनामा झाल्या दिवसापासून जो तो येऊन त्या बाईला समजावतो की काय बोलायचं आणि काय नाही. तेराव्याच्या आत ते वाक्य तिला पाठ झालेलं असतं. मग कॅमेरा येतो आणि समितीनं विचारलेलाच प्रश्न विचारतो: का केलं त्यांनी असं? ती पाठ झालेलं उत्तर देते, आणि ते माहितीपटात ‘सत्य’ म्हणून जातं.

कयाधू नदीकाठच्या एका गावात मुलाखत संपली होती. टीम बाहेर ड्रोन उडवण्यात गुंतली होती, सगळं गाव वर बघत होतं. आत चुलीपाशी त्या बाईची मोठी जाऊ मला म्हणाली, “ताई, पेरणीच्या आधीपासूनच झोप नव्हती त्यास्नी. रात रात बांधावर जाऊन बसायचे. ताट वाढलं तसंच ऱ्हायचं. पोरीला जवळ घ्यायचे अन् रडायचे. आम्ही म्हणलो कुणाची करणी हाय, अंगारा आणला. मग म्हणलो टेन्शन हाय, पीक आलं की जाईल.” पेरणीच्या आधीपासून, म्हणजे पीक जायच्या कितीतरी आधीपासून. कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञानं हे ऐकलं असतं तर आणखी चार-पाच प्रश्न विचारून औषध लिहून दिलं असतं. पण राज्याची जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे मराठवाड्याच्या बाहेर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

मी हे दिग्दर्शकाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “हे घेतलं तर उद्या सरकार म्हणेल, बघा, तो आजारीच होता, आमच्या धोरणाचा काय संबंध?” मी बराच काळ त्या उत्तराशी झगडत राहिले, कारण त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत आला तेव्हा दारू, घरगुती भांडण, लग्नातला खर्च अशी कारणं पुढं करून अंग काढून घेण्याचे प्रयत्न खरोखर झाले आहेत. कापूस आणि सोयाबीनचा भाव, सिंचन, बँकांची वागणूक यांवरून नजर हटू नये म्हणून त्या काळच्या माहितीपटांनी आर्थिक कारणावर ठामपणे बोट ठेवलं, आणि ते गरजेचं होतं. दीपा भाटिया यांचा ‘निरोज गेस्ट्स’ (२००९) पत्रकार पी. साईनाथांच्या मागे विदर्भात फिरतो आणि प्रेक्षकाला विचारतो की हे घडत असताना मेजवानीला बसलेले तुम्ही कोण? नंदन सक्सेना आणि कविता बहल यांच्या ‘कॉटन फॉर माय श्राउड’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो बीटी कापसाच्या अर्थकारणात शिरतो. हे चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. तरीही ते पाहताना एक जागा मला रिकामी दिसते. मेलेल्या माणसावर किती कर्ज होतं ते कळतं. त्याला झोप लागत होती का, शेवटचे काही आठवडे तो कोणाशी काय बोलत होता, ते कळत नाही. त्याला शेत असतं, मन नसतं.

मनाविषयीचे चित्रपट पाहिले की नेमकं उलटं होतं. अपर्णा सन्याल यांचा ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ (२०११) पुण्याच्या रेश्मा वल्लियप्पन यांच्या स्किझोफ्रेनियाविषयी आहे. त्यात रेश्मा स्वतः बोलतात, आपल्या आजाराविषयी हक्कानं बोलतात, आणि रुग्णाला बिचारा करून दाखवण्याची आपली जुनी सवय तो चित्रपट मोडून काढतो. कथापटांमध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ (२००४) मी बचत गटाच्या बैठकीनंतर दाखवलेला आहे, आणि बायका तो संपल्यावर बराच वेळ उठल्या नव्हत्या. त्यांच्याच ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारांमधलं सुवर्णकमळ मिळालं, नैराश्यातल्या मुलाला सल्ले न देता जवळ राहू देणारी माणसं त्यात आहेत. पण आमच्या बायकांपैकी एकीनं ‘देवराई’नंतर त्यातल्या नायकाविषयी विचारलं होतं, “त्या शेषला पेरणीचं काही बघावं लागत नव्हतं का?” प्रश्न अगदी सरळ होता. आमच्याकडे माणूस आजारी पडतो तेव्हा मृग जवळ आलेला असतो, बियाण्याची पिशवी उधारीवर आणायची असते आणि पीककर्जाचं नूतनीकरण अडलेलं असतं. शेतीच्या माहितीपटात मन नाही आणि मनाच्या चित्रपटात शेत नाही. चुलीपाशी बसलेल्या जाऊबाईचं घर या दोन्हींच्या मधे आहे, आणि तिथं कोणी कॅमेरा लावत नाही. मला या सगळ्या अनुभवातून सांगायचं आहे ते एवढंच आहे. एका मृत्यूला एकच कारण लावणारा माहितीपट, त्याचा हेतू कितीही चांगला असो, समितीच्या फाईलपेक्षा फार वेगळं काही करत नाही.

आमच्याकडे तसेही कॅमेरे कमी येतात. माहितीपटवाल्यांची वाट यवतमाळ-वर्ध्याकडे वळते. १९९९ मध्ये परभणीतून निघालेला पाच तालुक्यांचा आमचा जिल्हा. २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकरी आत्महत्यांची सरकारी नोंद झाली, त्यात बीडच्या २६९ आणि सगळ्यात खाली हिंगोलीच्या ४२. यादीच्या तळाशी असलेल्या जिल्ह्याकडे कोणाचं लक्ष वळवायचं तर काहीतरी भयंकर करून दाखवावं लागतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असं मुख्यमंत्र्यांना लिहिलं. चॅनेलवाले धावत आले, अवयवांचे भाव पडद्यावर झळकले आणि काही दिवसांत विषय संपला. कॅमेऱ्याला काय लागतं हे त्या शेतकऱ्यांनी अचूक ओळखलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

दाखवायचं कसं, हाही प्रश्न आहेच. एरिक स्टील या दिग्दर्शकाचा ‘द ब्रिज’ (२००६) मी एका कार्यशाळेत पाहिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २००४ चं वर्षभर कॅमेरे रोखून त्यानं लोकांचे शेवटचे क्षण टिपले. नंतर त्यांच्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या मुलाखती घेतल्या, पण तसं चित्रण आपल्याजवळ आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्या मुलाखतींमध्ये दीर्घ आजारपण आहे, मित्रांची धडपड आहे, थकलेलं प्रेम आहे. जे आमच्या माहितीपटांत सापडत नाही ते सगळं तिथं आहे. आणि तरीही तो चित्रपट मी आमच्या कोणत्याही गावात दाखवणार नाही. ज्याच्या मनात आधीच तो विचार घोळतोय, त्याला जागा आणि रीत दाखवून दिल्यासारखं ते होतं. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञानं ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे आकड्यांनी दाखवलं, त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. व्हिएन्नात १९८७ मध्ये भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या देण्याचे नियम ठरले, वर्तमानपत्रांनी ते पाळले, आणि तिथल्या घटना ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये खास चित्रपटवाल्यांसाठी पुस्तिका काढली. कृती दाखवू नका, साधन दाखवू नका, एकाच कारणावर येऊन थांबू नका, मदत मिळते आणि उपयोगी पडते हे दाखवा, असं त्यात सांगितलं आहे.

हे व्हिएन्नाचं झालं. आमच्याकडे एका आईनं गावच्या आशाताईला, म्हणजे आशा कार्यकर्तीला, सांगितलं होतं की शेजारच्या गावात घडलेल्या घटनेची मोबाइलवर फिरणारी क्लिप तिचा पोरगा रात्री पुन्हा पुन्हा बघायलाय. क्लिपमध्ये दुसरं काही नव्हतं. हार घातलेला फोटो हळूहळू मोठा होत जातो आणि मागं दुःखी गाणं वाजतं. आशाताईनं त्या पोराला सरळ विचारलं, “मरायचा विचार येतो का रे?” तो येतो म्हणाला. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो असं आपल्याकडे सगळे समजतात; ते खरं नाही, आणि त्या दिवशी विचारलं म्हणूनच तो तिच्यासोबत दवाखान्यात गेला.

तेव्हापासून टीम यायच्या आधीच माझं बोलणं स्पष्ट असतं. ती जागा दाखवायची नाही. डबा, दोरी, चिठ्ठी, काही नाही. लेकराला बाप कुठं गेला असं विचारायचं नाही. रडणं नीट टिपलं गेलं नाही म्हणून पुन्हा बोला म्हणायचं नाही; हे मी प्रत्यक्ष होताना पाहिलेलं आहे. दवाखान्यात उपचार घेणाऱ्याचा फोटो आणि माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर द्यायची नाही, हे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे, पण ते कितीजणांना सांगावं लागतं! काही टीम यावर दुसरीकडे निघून गेल्या. ज्या थांबल्या त्यांचं काम चांगलं झालं, असं माझं मत आहे. मुख्य म्हणजे, ‘का केलं’ हा प्रश्न काढून घेतला की त्यांना विचारायला काहीतरी नवं शोधावं लागायचं.

शोधणं अवघड नसतं. मिका पेलेडच्या ‘बिटर सीड्स’मध्ये (२०११) प्रश्न विचारणारी मंजूषा ही विदर्भातल्या ज्या गावात चित्रण झालं त्याच गावची मुलगी आहे. तिचे वडील असेच गेलेले आहेत, तिला पत्रकार व्हायचंय, आणि ती वही घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. बाहेरच्या माणसाला अर्जातलं वाक्य ऐकवणारी माणसं तिच्याशी मात्र वेगळं बोलतात. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाच्या प्रकल्पात गावातलेच स्वयंसेवक मोबाइलवर लहान लहान फिल्म घेऊन अडचणीतल्या माणसाकडे जायचे, त्याच्या शेजारी बसून ती दाखवायचे आणि मग बोलायचे. अमरावतीत ‘विश्राम’ या कार्यक्रमानं तीस गावांत असंच लोकांमधून काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राज्य सरकारनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आमच्याही आशाताई घरोघर प्रश्नावली घेऊन फिरल्या आहेत. हे सगळं बघून आम्ही काही जणींनी ठरवलं की आपणच मोबाइलवर चित्रण करायचं आणि माणूस जिवंत असलेल्या घरात करायचं.

वसमत तालुक्यातले एक हळदवाले भाऊ त्यासाठी तयार झाले. एकदा अगदी कडेपर्यंत जाऊन परत आलेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणीला आली की त्यांच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि आम्हाला तेच हवं होतं. हळद शिजवायचा कुकर, वाफ, पसरलेले ढीग, त्यात उभे राहून ते मजुरांचा हिशोब करतायत. आम्ही विचारलं ते एवढंच: त्या रात्री थांबलात कसे? त्यांनी खूप वेळ विचार केला. म्हणाले, “रातच्या लाईटीला पाणी द्यायला शेजारचा म्हातारा आला होता. मोटार चालू केली अन् माझ्याजवळ येऊन बसला. काहीच बोलला नाही. लाईट जाईपर्यंत बसला. सकाळी त्यानंच घरी सांगितलं की याला एकटं सोडू नका.” शेतीला रात्री वीज देतात याचा आम्हाला सगळ्यांना संताप आहे. त्याच विजेमुळे तो म्हातारा तिथं होता. हे कुठल्या कारणाच्या रकान्यात लिहायचं?

पुढचं सगळं बारीकसारीक आहे आणि मला तेच मोलाचं वाटतं. फवारणीची औषधं ठेवायच्या खोलीची किल्ली त्या दिवसापासून वहिनींच्या कमरेला आहे. त्यांना विचारल्याशिवाय कोणी ती खोली उघडत नाही. गोळ्या महिन्याच्या महिन्याला आणाव्या लागतात. एसटी चुकली की ओपीडी हुकते. सुरुवातीला गोळीनं इतकी गुंगी यायची की काढणीच्या दिवसांत त्यांनी ती स्वतःहूनच बंद केली, आणि तब्येत पुन्हा उतरली. मग डॉक्टरांनी वेळ आणि मात्रा बदलून दिली. औषध घेतलं आणि बरा झाला, असं एका वाक्यात ते सांगता येत नाही. आम्ही फिल्ममध्ये बंद केलेली गोळीही ठेवली.

पहिली जोडणी त्यांना दाखवली तेव्हा भाऊ गप्प झाले. दुसऱ्या दिवशी फोन आला. “ताई, गोळीचं ठेवा. माझं नाव अन् तोंड काढा. पोरीची सोयरीक चालू हाय.” त्यांनी गोळी काढायला सांगितली असती तर आम्ही अडचणीत आलो असतो. फिल्म पाहणाऱ्याला वाटलं असतं की हा नुसता हिमतीवर उभा राहिला, आणि ज्याच्यात तेवढी हिंमत उरलेली नाही त्याला अपराधी वाटलं असतं. आता फिल्ममध्ये त्यांचे हात आहेत, पाय आहेत, पाठ आहे, आणि आवाज आहे. शेवटी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, टेली-मानसचा, १४४१६ आणि आरोग्य सल्ल्याचा १०४ हे नंबर आहेत. आशाताई ती फिल्म घरात बसून, एकावेळी एका-दोघांना दाखवतात. पडदा लावून मोठा कार्यक्रम आम्ही करत नाही, कारण गर्दीत ‘मला पण असंच होतंय’ असं कोणी म्हणत नाही.

एका गावात फिल्म संपल्यावर एक वयस्कर मामा म्हणाले, “ब्येस झालं. पण ह्याचं कर्ज फिटलं का त्या गोळीनं?” आशाताईकडे उत्तर नव्हतं. तिनं मला फोन केला, आणि आम्ही पुन्हा त्या हळदवाल्या भाऊंकडे गेलो. त्यांनी कपाटातून सोयाबीनच्या विक्रीची पट्टी काढून दिली. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि पट्टीवरचा भाव त्याच्या बराच खाली. पट्टी पाहून डॉक्टर काय म्हणाले तेही त्यांनी सांगितलं: मी झोप देऊ शकतो, भाव देऊ शकत नाही. आम्ही ती पट्टी फिल्ममध्ये घातली, गोळीच्या आणि किल्लीच्या शेजारी. मदत करणाऱ्या संस्थेतल्या एका ताईंना ते आवडलं नाही. आरोग्याच्या फिल्ममध्ये बाजारभाव कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही ती काढलेली नाही. पट्टी काढली तर फिल्म पुन्हा अर्ध्या घराचीच होईल.

मामांनी आणखी एक सांगितलं आहे, पुढच्या खेपेला पीकविम्याचं घ्या म्हणून. ते काम चालू झालंय. औंढा तालुक्यातलं घर आहे, दोघं भाऊ एकत्र राहतात. धाकटा गोळ्या घेतो, आणि थोरला विम्याच्या रकमेसाठी तालुक्याला चकरा मारतो. आम्ही दोघांच्याही मागे मोबाइल घेऊन फिरतोय. दोघांनीही नाव आणि चेहरा दाखवायला हो म्हटलं आहे. जोडणी पूर्ण झाल्यावर त्यांना ती दाखवून हे पुन्हा विचारायचं ठरलं आहे, दोघांना एकत्र नाही, वेगवेगळं.